कारखाना गेला, पण काम कुठे गेलं?

जोगेश्वरीत बेरोजगारीचा विषय निघाला की मोठी माणसं हमखास म्हणतात, कारखाने गेले, तिथेच सगळं संपलं. हे अर्धंच खरं आहे. 1982 चा गिरणी संप, भिवंडीला सरकलेले माग, 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने विक्रीला मोकळ्या केलेल्या गिरण्यांच्या जमिनी, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण शेजारच्या गोरेगाव पूर्वेला बघा. निरलॉनचा धाग्याचा कारखाना जिथे होता, तिथे आज निरलॉन नॉलेज पार्क आहे आणि रोज हजारो लोक कामाला येतात. काम आहे. आत शिरायची वाट बदलली.

कारखान्यात दहावी नापास मुलगा हेल्पर म्हणून लागायचा, काही वर्षांत मशीनवर उभा राहायचा, पर्मनंट झाला की पीएफ, ईएसआय आणि युनियनचं कार्ड. मामूंनी किंवा चाचांनी सुपरवायझरच्या कानावर नाव घातलं की काम व्हायचं. (आपली ओळख सगळ्याच गेटवर चालत होती असं नाही, ते वेगळं.) आता ऑफिसातली वरची भरती पदवीवर होते, खालची कंत्राटदारामार्फत. सिक्युरिटीवाला दहा वर्षांनीही सिक्युरिटीवालाच. मधली शिडीच काढून घेतली आहे. बाकीचे बाइकवर डिलिव्हरी करतात आणि घरचे त्याला धंदा म्हणतात. पेट्रोल आपलं, अपघातही आपला, असा धंदा! नियमित पगाराच्या नोकरीत मुसलमान कमी आहेत, हे सच्चर समितीने 2006 मध्येच नोंदवलं होतं.

कायद्यात मात्र एक शिडी आहे. अप्रेंटिस कायदा 1961 चा. त्याच्या नियमांत 2019 मध्ये झालेल्या बदलानुसार 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यायचेच आहेत. कंत्राटी माणसंही त्या मोजणीत येतात. कारखान्यालाच नाही, ऑफिसलाही हे लागू आहे. नोकरीची हमी नाही, विद्यावेतन थोडं; पण अनुभवाचा कागद हातात पडतो, आणि आपला अर्ज त्या कागदावाचूनच अडतो.

दहावी-बारावीच्या निकालानंतर मोहल्ल्यात सत्कार होतात. होऊ द्या. त्याच मंडपात एक लॅपटॉप ठेवून मुलामुलींची अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून द्या. आणि उमेदवार मतं मागायला आला की कारखाने परत आणा असं म्हणू नका, ते येणार नाहीत. त्याला विचारा, जोगेश्वरी-गोरेगावातल्या किती कंपन्यांनी यंदा अप्रेंटिसच्या जागा भरल्या?