हाड कशाचे, हे विचारायलाच हवे

वरची दाढ काढून चार-पाच वर्षे झाली आणि आता इम्प्लांट बसवायचे म्हटले, की दवाखान्यात अनेकदा ऐकू येते, ‘हाड कमी आहे, ग्राफ्ट करावे लागेल.’ कुरवंड्याहून लोणावळ्याला किंवा तिथून लोकलने पिंपरी-पुण्याला फेऱ्या मारणाऱ्यासाठी या एका वाक्याने खर्च वाढतो आणि काम काही महिने लांबते.

वरच्या मागच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. दाढ गेली की खालून हाड झिजते, वरून पोकळी पसरते. कधी जेमतेम तीन-चार मिलिमीटर हाड उरते. स्क्रू रुतणार कशात? मग पोकळीचे नाजूक अस्तर अलगद वर उचलून खाली हाडाची भुकटी भरतात. हीच ‘सायनस लिफ्ट’. ती पक्की व्हायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात.

ही भुकटी कशाची? ती रुग्णाच्याच जबड्यातली असू शकते, कृत्रिम असू शकते, दान केलेल्या मानवी हाडाची असू शकते किंवा गाई-बैलांच्या हाडापासून केलेली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतीपेढी आहे. तिथे दात्यांचे हाड प्रक्रिया करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. जनावराच्या हाडातलेही सेंद्रिय घटक काढून टाकलेले असतात. वैद्यकीयदृष्ट्या दोन्ही मान्य आहेत. पण मावळात माळकरी घरे कमी नाहीत. त्यांना हे आधी, मराठीत, तोंडी सांगायला नको? इंग्रजी संमतीपत्रावरची सही म्हणजे संमती, हे मला पटत नाही. पर्याय असताना निवड रुग्णाचीच.

दुसरे म्हणजे, ग्राफ्ट खरोखर लागणार का? साध्या एक्स-रेवर ठरवू नका, सीबीसीटी स्कॅनवर उरलेले हाड मिलिमीटरमध्ये मोजून दाखवायला सांगा. सहा-सात मिलिमीटर असेल तर आखूड इम्प्लांटवरही भागू शकते. ब्रिज किंवा काढती कवळीही आहेच, त्यात कमीपणा कसला? (विडी-सिगारेट सुटत नसेल तर इम्प्लांट फसण्याचा धोका वाढतो, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगावे.)

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे नाक जोरात शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडे ठेवायचे. आणि ज्यांची दाढ अजून काढायची आहे, त्यांनी खड्डा त्याच वेळी भरून घेता येईल का, हे खुर्चीत बसण्याआधी विचारावे. झीज पूर्ण थांबत नाही, पण कमी होते.