नावावर काय केलं?

परभणीकडच्या घरांत बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, 'मालक' म्हणते. मालक शेतात गेलेत, मालक तालुक्याला गेलेत. त्याच घरातल्या बाईला सालगडी 'मालकीण' म्हणतो. ऐकायला जोडी बरोबरीची वाटते. मग सातबारा उताऱ्यातला गाव नमुना सात काढून पाहावा. भोगवटादाराच्या रकान्यात मालक सापडतात, त्यांचे दोन भाऊ सापडतात, वारून कैक वर्षं झालेले वडीलही सापडतात, कारण वारस नोंद करायची राहून गेलेली असते. मालकीण मात्र सापडत नाही.

पुरुषांना बाईबद्दल खरा आदर असतो का, असा वाद निघाला की या उताऱ्याची आठवण कुणाला होत नाही. एक बाजू छाती काढून सांगते की हे काय विचारणं झालं? जिजाऊंची तसबीर प्रत्येक कार्यालयात आहे, नवरात्रात आम्ही नऊ दिवस अनवाणी चालतो, 8 मार्चला गावातल्या कर्तबगार महिलांना साडी-नारळ देतो. दुसरी बाजू तितक्याच ठामपणे म्हणते की पुरुष तेवढे सारखे, बाईचं कौतुक करणाऱ्याच्या पोटात काहीतरी काळंबेरं असणारच. आणि पारावर बसलेली तिसरी बाजू वादात पडतच नाही. बायकोला विचारून कापूस विकणारा माणूस समोरून गेला की 'बायकोचा बैल' एवढंच म्हणते आणि तंबाखू मळत राहते.

हे तिघं एकमेकांचे वैरी दिसतात, पण एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे. पुरुषाकडून काही मागायचं नाही. देवी मानणारा साडी-नारळावर सुटतो. सगळे सारखेच म्हणणारा तर पुरुषाला आधीच माफी देऊन मोकळा होतो, कारण ज्याच्याकडून अपेक्षाच नाही त्याला जाब कशाचा विचारायचा? आणि पारावरचा, एखाद्यानं काही दिलंच, तर त्याची हुर्यो करून बाकीच्यांना शहाणं करतो.

आदर मोजायचं माप मराठीत तयार आहे. माणसं रोज वापरतात ते. 'नावावर करणं.' कुणाच्या नावावर काय केलं, एवढं विचारलं की पुष्कळ भाषणं आपोआप गळून पडतात आणि थोडी माणसं उरतात. ती थोडी आहेत हे कबूल. पण ती आहेत, आणि त्यांतली बरीच या मातीशी नातं सांगणारी आहेत.

सर्वांत जुना दाखला परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडचा. जनाबाई तिथली. लहानपणी ती पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला गेली आणि नामदेवाच्या घरची दासी म्हणूनच ओळखली गेली. तिच्या नावावर आज साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत, आणि ते टिकले ते नामदेवाच्या गाथेच्या आधारानं. त्यांतल्या एका अभंगात कोणत्या संताचे बोल कोणी लिहून घेतले याची यादीच दिलेली आहे. मुक्ताईचे ज्ञानदेवांनी, चोखोबाचे अनंतभट्टांनी, सावता माळ्याचे काशिबा गुरवानं आणि जनीचे खुद्द पांडुरंगानं. इतिहास म्हणून या यादीवर पंडित वाद घालोत. पण सातशे वर्षांपूर्वीची एक मोलकरीण आपल्या शब्दांना लेखनिक असल्याचं सांगते, तो लेखनिक पुरुष आहे हेही सांगते, आणि वारकरी पंथ ते मान खाली घालून ऐकतो, ही गोष्ट लहान नाही. लोककथेतला विठ्ठल तर जनीला हार घालत नाही, जात्याला हात लावतो, शेण्या वेचतो, तिची वेणी घालतो. बायकांनी आपल्या कल्पनेनं आदर करणारा पुरुष घडवला तो असा. नवरात्राच्या मंडपात त्याची आठवण कुणी काढत नाही, ही गोष्ट वेगळी.

यावर सावध वाचक म्हणेल, देवाचं काय सांगता, माणसाचं सांगा. जनी तरी शेवटपर्यंत दासीच राहिली ना? राहिली. ते नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून माणसांकडे येऊ.

17 ते 19 फेब्रुवारी 1984 या दिवसांत शेतकरी संघटनेचं दुसरं अधिवेशन परभणीत भरलं. सटाण्याचं पहिलं दोन वर्षांपूर्वी झालं होतं. शेतमालाचा भाव हा संघटनेचा एककलमी मंत्र, समोर बसलेला समाज बव्हंशी फेटेवाल्यांचा. नेता शरद जोशी, स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आलेला माणूस. या माणसानं पुढच्या दोन-तीन वर्षांत विषयच फिरवला. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला फक्त बायकांचं अधिवेशन घेतलं आणि लाखावर शेतकरी बायका तिथं आल्या. बायकांच्या प्रश्नावरची मांडणी 'चांदवडची शिदोरी' म्हणून पुस्तकात आली. स्थानिक निवडणुका बायकांनी लढवायच्या, हा निर्णयही तिथलाच, आणि राखीव जागांचा कायदा त्यानंतर काही वर्षांनी आला.

पण खरी कसोटी लागली ती 1990 च्या आसपास 'लक्ष्मीमुक्ती'च्या कार्यक्रमात. जोशींचं म्हणणं सरळ होतं. सरकारनं आमचं देणं बुडवलं म्हणून आपण कर्जमुक्ती मागतो. मग ज्या बाईनं जन्मभर फुकट राबून आपलं घर उभं केलं तिचं देणं आपण कधी फेडलं? आधी ते फेडा, मग सरकारकडं तोंड वर करून बघा. एखाद्या गावातल्या शंभर शेतकऱ्यांनी थोडी तरी जमीन बायकोच्या नावावर केली, तर ते गाव लक्ष्मीमुक्त आणि अशा गावाला स्वतः जोशी येऊन सभा घेणार. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये शंभराहून जास्त बायकांच्या नावावर जमीन लागली. शेताचा एक तुकडा बाईच्या कह्यात द्यायचा, त्यात काय पेरायचं ते तिनं ठरवायचं, याला संघटनेनं नाव दिलं 'सीताशेती'. ज्या सीतेला घराबाहेर काढलं तिच्या नावानं घराला लागून शेत. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी लागेल.

हे सगळं सरकारी खात्यालाही दिसलं. सप्टेंबर 1992 मध्ये महसूल खात्यानं लक्ष्मीमुक्ती याच नावानं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज केला, तर तो हयात असतानाच बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावता येतं. शेतकऱ्यांच्या चळवळीतला शब्द तलाठ्याच्या कपाटात जाऊन बसण्याचे प्रसंग महाराष्ट्रात फार नाहीत.

आता विरोधकाचं सर्वांत वजनदार म्हणणं ऐकायला हवं, कारण ते खोटं नाही. बायकोच्या नावावर जमीन करणारे सगळे काही आदरानं करत नाहीत. 1961 चा सिलिंगचा कायदा आला, 1975 मध्ये मर्यादा आणखी खाली आली, तेव्हा कितीतरी वाड्यांवर बायका, सुना आणि पाळण्यातली पोरं रातोरात जमीनदार झाली. त्या बायकांना आपण कोणत्या गटाच्या मालक आहोत हेही ठाऊक नव्हतं. आजही एखादी योजना बाईच्या नावानं आली की कागदावर बाई पुढं येते, अंगठा झाला की मागं जाते. सरपंचबाईच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची टाकून बसणारे सरपंचपती तर गावोगाव आहेत. नावावर करणं हेच माप धरलं, तर ही मंडळीसुद्धा आदर करणाऱ्यांत धरायची काय?

नाही धरायची. फरक ओळखायला फार बुद्धी लागत नाही. सिलिंग चुकवणाऱ्यानं बायकोच्या नावावर जमीन केली ती आपली जमीन वाचवण्यासाठी. त्याच्या हातातून काही गेलं नाही. लक्ष्मीमुक्तीतल्या शेतकऱ्याच्या हातातून तेवढ्या तुकड्यावरचा शब्द गेला. तो तुकडा विकायला, त्यावर कर्ज काढायला तिची सही लागू लागली. ज्यात करणाऱ्याचं काहीच कमी होत नाही तो व्यवहार हिशेबात धरू नये, इतकी साधी अट घातली की खोटं नाणं बाजूला पडतं. खरं नाणं थोडं असलं तरी वाजतं.

ही अट घालून जुनी नावंही तपासावीत, अगदी आवडती सुद्धा. गोपाळराव जोशींनी आनंदीबाईंना शिकवलं, अमेरिकेला पाठवलं, 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पण अभ्यासासाठी गोपाळरावांनी त्यांना मारलंही, आणि आनंदीबाईंनी पत्रात त्यांना त्याची आठवण करून दिली आहे. हे कौतुक होतं यात शंका नाही, पण आपल्या हातच्या मूर्तीचं असावं तसं. याउलट 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' आलं. पुरुषजातीची इतकी खरडपट्टी मराठीत तोवर कुणी काढली नव्हती, आणि सत्यशोधक वर्तुळातही ते अनेकांना झोंबलं. जोतीराव फुले 1885 च्या 'सत्सार'मध्ये ताराबाईंच्या बाजूनं उभे राहिले. ताराबाईंना त्यांनी घडवलं नव्हतं, आणि ताराबाईंच्या टीकेतून पुरुष म्हणून तेही सुटत नव्हते. आपल्याला न विचारता, आपल्यालाही लागू पडेल असं बोललेल्या बाईची बाजू घेणं हे शिकवण्यापेक्षा अवघड काम. गोपाळरावांवर मालिका निघाली, सिनेमा निघाला. फुल्यांच्या या लेखावर कोण काढणार?

लिहून घेण्याचा तो जनाबाईचा धागा अलीकडेही पुढं गेला. फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइत्व्हाँ यांनी हेमा राईरकर यांच्यासोबत महाराष्ट्रभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आकडा लाखाच्या घरात आहे, आणि परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या ओव्याही त्यात आहेत. 'लोकसाहित्य' म्हणून बेनामी छापणं सोपं होतं. या संग्रहात ओवीपुढं बाईचं नाव आणि गाव असतं. परभणीतच प्राध्यापकी केलेल्या इंद्रजित भालेरावांना 'कुळंबिणीची कहाणी' ही दीर्घकविताच लिहावीशी वाटली, हेही याच हिशेबात जमा करावं.

तरी मंडनाच्या बाजूलाही एक भगदाड आहे, ते झाकून वकिली करायला नको. लक्ष्मीमुक्तीतही जे मिळालं ते बायकोला. बहिणीचं काय? वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रानं 1994 मध्ये दिला, केंद्रानं 2005 मध्ये. त्यानंतर जिल्ह्यातल्या दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांत हक्कसोडपत्र हा शब्द फार ऐकू येऊ लागला. दिवाळीत बहीण माहेरी येते. भाऊबीजेला ओवाळते, ताटात साडी पडते. सुटी संपून कचेरी उघडली की भाऊ जीप करतो, बहिणीला मानानं पुढच्या सीटवर बसवतो, फोटो निघतो, अंगठा होतो, बाहेर आल्यावर भजी आणि चहा. संध्याकाळच्या एसटीनं ती सासरी जाते. नेसलेली साडी नवीन असते आणि माहेर तुटलं नाही याचं तिला समाधान असतं. साडीच्या किमतीत एकर सोडवून घेण्याचा हा व्यवहार गावात प्रेमळ भावाची खूण म्हणून सांगितला जातो. आदराचे गोडवे गाणाऱ्यांनी या जीपबद्दल एक शब्द बोलावा.

आणि ज्यांना सातबारा हे फार कोरडं माप वाटतं, त्यांनी कापसाच्या वेचणीला एक दिवस जावं. कमरेला ओटी बांधून वाकलेली बाई, बोंडाच्या काट्यांनी चिरलेली बोटं, संध्याकाळी काट्यावर किलोचा हिशेब. वेचते ती, आणि जिनिंगची पट्टी निघते खातेदाराच्या नावावर. पीककर्ज खातेदाराला, विमा खातेदाराला, 2019 पासूनचे वर्षाचे सहा हजारही खातेदाराला. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती खातेदारांत बायका सुमारे 14 टक्के होत्या. कर्जापायी नवऱ्यानं जीव दिलेल्या घरात बाईची पहिली फेरी होते ती वारस नोंदीसाठी, आणि तिथं दीर, सासरा, चुलतभाऊ यांच्या संमतीचे कागद सुरू होतात. नवरा जिवंत असताना एक अर्ज झाला असता तर ती फेरी वाचली असती. आदर इतका रोकडा असतो.

तो अर्ज साध्या कागदावर करता येतो. तलाठी (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गावात तलाठीच चालतं) सहाच्या नमुन्यात फेरफार धरतो, नोटीस काढतो, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहतो, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. मालकांनी सही केली, मालकिणीचं नाव लागायचं ठरलं, की त्या पंधरा दिवसांत गावात चर्चा होते ती एवढीच की याला बायकोनं काय खाऊ घातलं. आणि हरकत घ्यायला कुणी पुढं आलंच, तर तो बहुधा भाऊ असतो.