शेवंतीला हवी अंधाराची भिंत

पॉलिहाऊसचा विषय निघाला की बोलणे कागदाच्या जाडीवर, ठिबकवर आणि अनुदानावर येऊन थांबते. प्रकाश आत कसा येईल याचा विचार सगळेच करतात, अंधार आत कसा टिकेल याचा फार थोडे. शेवंतीच्या बाबतीत ही चूक महागात पडते, कारण शेवंती दिवस नव्हे, रात्र मोजते. गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी 1920 मध्ये दिवसाच्या लांबीचा आणि फुलोऱ्याचा संबंध मांडला. 1938 मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी दाखवले की अशा झाडांना खरी गरज असते ती सलग, अखंड रात्रीची, आणि लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ जरी उजेड पडला तरी फुलोऱ्याचा संकेत मोडतो. शेवंती उत्पादक याच गुणाचा उपयोग करतात. रात्री दहा ते दोन दिवे लावले की झाड फुलावर न जाता पाने आणि उंची वाढवत राहते. दिवे बंद केले की कळी धरते. त्यासाठी साधारण 100 लक्सचा मंद उजेडही पुरतो. जो उजेड मुद्दाम दिल्यावर इतका प्रभावी ठरतो, तो शेजारच्या वाफ्यातून नकळत आला तरी त्याचा परिणाम होणारच.

इथेच लहान शेतकऱ्याची अडचण आहे. दहा गुंठ्यांचे एकच पॉलिहाऊस असेल तर सगळी लागवड एकाच अवस्थेत ठेवावी लागते आणि सगळा माल एकदमच बाजारात येतो. दसरा-दिवाळीला जे फूल सगळ्यांकडे असते, ते मार्गशीर्षातल्या गुरुवारी किंवा लग्नसराईत आपल्याकडे असावे असे वाटत असेल, तर अर्ध्या भागात दिवे आणि अर्ध्या भागात अंधार हवा. त्यासाठी दुसरे पॉलिहाऊस बांधायची गरज नाही. मधोमध उजेड न झिरपणारा एक पडदा पुरेसा आहे, आणि पॉलिहाऊसच्या प्रशिक्षणात हा पडदा बांधायला शिकवलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

पडदा म्हटले की हात पहिल्यांदा शेडनेटकडे जातो, आणि नेमका तोच चुकीचा माल आहे. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. त्यातला 90 टक्के अडवणारी जाळीही दहा हजार लक्स आत सोडते. जाळी ही सावलीसाठी असते, अंधारासाठी नव्हे. अंधारासाठी अपारदर्शक प्लास्टिकच हवे, आणि ते गावच्या कृषी सेवा केंद्रात मिळते. चंदेरी-काळा मल्चिंग पेपर दुहेरी घ्यावा, कारण पातळ पेपर एकेरी असला तर त्यातल्या बारीक छिद्रांतून उजेड झिरपतो. जाड काळी-पांढरी फिल्म मिळाली तर उत्तमच. उजळ बाजू दिव्यांकडे आणि काळी बाजू अंधाराकडे ठेवावी. आधाराला बांबू किंवा जीआय पाइपचे स्वतंत्र खांब उभे करावेत. पडद्याचे ओझे पॉलिहाऊसच्या सांगाड्यावर टाकू नये, कारण बाजूच्या झडपा उघड्या असताना वाऱ्याने हा पडदा शिडासारखा फुगतो. जोडावर एक पट्टी दुसरीवर फूटभर चढवावी आणि खालची कड जमिनीतल्या उथळ चरात उतरेल एवढी लांब ठेवावी. ये-जा करण्याच्या जागी दोन पडदे थोडे अंतर सोडून एकमेकांच्या आड येतील असे टांगावेत. जुन्या फोटो स्टुडिओतल्या डार्करूमला असाच वळणाचा रस्ता असे. शेवटची परीक्षा डोळ्यांची. रात्री दिवे लावून अंधाराच्या बाजूला दहा मिनिटे उभे राहावे. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे पट्टी चिकटवावी.

यावर पहिला आक्षेप उष्णतेचा येतो, आणि तो खरा आहे. बंदिस्त काळ्या प्लास्टिकने हवा कोंडते, आणि जास्त तापमानात शेवंतीची कळी रेंगाळते. पण हा आक्षेप उन्हाळ्यातल्या अंधारासाठी आहे. पुण्याच्या आसपास जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा होतो. तेव्हा वाफ्यांवर वरूनही झाकण घालावे लागते आणि ते काम वेगळे व कठीण आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात मात्र सूर्यच लांब रात्र फुकट देतो. डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. या महिन्यांत मधल्या पडद्याला अंधार निर्माण करायचा नसतो, फक्त शेजारच्या दिव्यांपासून रात्र राखायची असते. म्हणून तो गुंडाळता येईल असा करावा. दिवसा वर, संध्याकाळी खाली. मग हवा अडत नाही आणि दिवसा पडद्याची सावलीही पिकावर पडत नाही. विटांच्या भिंतीला हे कधीच जमणार नाही.

दुसरा आक्षेप असा की रात्रीच्या लांबीची फारशी पर्वा न करणारे वाणही आहेत, ते लावावेत. जिथे ते विकले जातात तिथे जरूर लावावेत. पण कट फ्लॉवरच्या बाजारात रंग, आकार आणि दांडीची लांबी ग्राहक ठरवतो, शेतकऱ्याची सोय नव्हे. तिसरा आक्षेप प्लास्टिकच्या कचऱ्याचा आहे आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. पातळ पेपर एका हंगामात फाटतो आणि बांधावर उडत राहतो. म्हणूनच, परवडत असेल तर थोडा जास्त खर्च करून जाड फिल्म घ्यावी आणि उन्हाळ्यात ती उतरवून सावलीत गुंडाळून ठेवावी. स्वस्त म्हणजे दरवर्षी फेकायचे, असा अर्थ इथे होऊ नये.

पॉलिहाऊसच्या उभारणीला 50 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. या पडद्यासाठी वेगळे अनुदान मागावे असे मी म्हणत नाही. तो इतका स्वस्त आहे की मंजुरीची वाट पाहण्यातच हंगाम निघून जाईल. मागणी एवढीच आहे की प्रशिक्षण वर्गात एक संध्याकाळ राखून ठेवावी. दिवे लावावेत, शेतकऱ्यांना पडद्याच्या अंधाऱ्या बाजूला उभे करावे आणि गळती त्यांनाच शोधू द्यावी. पाणी द्यायला रात्री आत जाणाऱ्या माणसाच्या हातातली बॅटरीही त्याच वेळी दाखवावी, कारण भिंत बिनचूक बांधूनही फुले मागेपुढे उमलली तर संशयाची पहिली जागा तीच आहे.