मिथ्यास्मृती म्हणताना

शहादे तालुक्यातील ब्राह्मणपुरी येथे एका वृद्ध गृहस्थांच्या आठवणी उतरवून घेण्याचा योग काही वर्षांपूर्वी आम्हांला आला. सोबत पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थी होते. आबांनी ९ सप्टेंबर १९४२ चा नंदुरबारचा प्रसंग सांगितला : मिरवणूक, झेंडा, पोलिसांचा गोळीबार आणि पंधरा वर्षांच्या शिरीषकुमार मेहताचे कोसळणे. हे सारे आपण वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिले, असे ते म्हणाले. पुढे त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला पाहण्यात आला. त्यावर जन्मतारीख होती १ जून १९४३. एका विद्यार्थ्याने वहीच्या समासात शेरा मारला, 'खोटी स्मृती'. आबांच्या नातवाने तो वाचला आणि विचारले, "सर, आमचे आबा खोटं बोलतात का?"

त्या वेळी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. चूक शेऱ्यातील शब्दाची होती, की तो वापरणाऱ्या आमच्या समजुतीची, हे पाहणे म्हणूनच आवश्यक वाटते.

मानसशास्त्रात यासाठी 'कॉन्फॅब्युलेशन' अशी संज्ञा आहे. तिच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ निव्वळ 'एकत्र बसून गप्पा करणे' असा आहे. त्यात 'फाबुला', म्हणजे गोष्ट, दडलेली आहे. रशियन वैद्य कोर्साकॉव्ह यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस मद्यासक्तीने स्मृती ढासळलेल्या रुग्णांचे वर्णन केले. न घडलेल्या गोष्टी हे रुग्ण घडल्या म्हणून सांगत, आणि सांगताना त्यांचा स्वतःचा त्यांवर पूर्ण विश्वास असे. फसवण्याचा हेतू नसणे हा या संज्ञेचा गाभा आहे. स्मृतीत पोकळी पडते आणि मन ती हाताशी असलेल्या सामग्रीने बुजवते. रुग्णालयाबाहेर, निरोगी माणसांविषयी बोलताना 'मिथ्यास्मृती' हा व्यापक शब्द अधिक योग्य ठरतो.

आपल्याकडे या शब्दांची सरमिसळ होते. 'स्मृतिभ्रंश' आता वृद्धापकाळातील विकारासाठी रूढ झाला आहे, 'स्मृतिभ्रम' कशालाही चिकटतो, आणि 'खोटी स्मृती' म्हणताच बोलणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर डाग पडतो, कारण मराठीत 'खोटे' हे विशेषण वस्तूबरोबर माणसालाही लागते. 'मिथ्या' या शब्दाला वेदान्ताची पार्श्वभूमी आहे. दोरीवर साप दिसणारा मनुष्य लबाड नसतो. पोकळी भरण्याच्या क्रियेपुरता 'स्मृतिपूरण' हा शब्द आम्हांला सुचवावासा वाटतो.

हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. पतंजलींनी स्मृती ही चित्ताच्या पाच वृत्तींपैकी एक मानली आणि अनुभवलेला विषय हातचा जाऊ न देणे, अशी तिची व्याख्या केली. परंतु व्यासभाष्याने तिचे दोन प्रकार केले : स्वप्नातील स्मृतीचा विषय कल्पित असतो, जागेपणीच्या स्मृतीचा तसा नसतो. आधुनिक संशोधनाने ही सीमारेषा पुसट केली. बार्टलेट यांनी १९३२ च्या ग्रंथात दाखवले, की एखादी गोष्ट पुन्हा सांगताना वाचक ती आपल्या संस्कृतीच्या साच्यात नव्याने घडवतात. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांच्या १९९५ च्या प्रयोगात २४ जणांना, लहानपणी तुम्ही बाजारसंकुलात हरवला होतात, अशी बनावट हकिकत नातेवाइकांच्या हवाल्याने सांगितली गेली. सुमारे चौथ्या हिश्शाने ती पूर्णतः वा अंशतः आपली आठवण म्हणून स्वीकारली. घरच्या माणसाचा शब्द ही मिथ्यास्मृतीची सुपीक जमीन आहे. आबांनी बेचाळीसची कथा वडिलांच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल! बोलता बोलता त्यांनी 'आपला नंदुरबार जिल्हा' असेही म्हटले होते. तो जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. नंतरचे ज्ञान आधीच्या चित्रात असे नकळत मिसळते.

तथापि, आमच्या विद्यार्थ्याने ज्या कागदाच्या बळावर शेरा मारला, त्याकडेही पाहू. १ जून! महाराष्ट्राच्या कोणत्याही खेड्यात एका पिढीतील कितीतरी माणसे १ जूनला जन्मलेली आढळतात. पालकांना तारीख ठाऊक नसे. गुरुजी मुलाकडे पाहून वर्षाचा अंदाज घेत आणि शाळेच्या हिशेबाला सोयीची तारीख टाकत. पोकळी होती, ती भरली गेली, फसवण्याचा हेतू नव्हता. कॉन्फॅब्युलेशनची हीच लक्षणे आपण वर पाहिली. कागदाने केलेले स्मृतिपूरण आम्ही पुरावा मानले आणि माणसाने केलेले खोटे ठरवले. आबा १९४२ साली दोन-तीन वर्षांचे असणेही अशक्य नाही. अर्थात त्या वयातील असे सलग चित्र टिकणे दुर्मीळच.

साहित्याच्या अभ्यासकाला याचे महत्त्व विशेष आहे. आत्मचरित्रे, आदिवासींची मौखिक कथने, विस्थापितांच्या साक्षी आपण वर्गात शिकवतो. ज्यांच्यापाशी दप्तर नाही त्यांच्याच कथनावर 'मिथ्यास्मृती' हा शिक्का लवकर बसतो. दप्तरवाल्यांच्या चुका 'मुद्रणदोष' ठरतात. लक्ष्मीबाई टिळकांनी १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाला 'स्मृतिचित्रे' म्हटले. त्यातील चित्र हा शब्द वाचकाने गांभीर्याने घ्यावा. चित्र रंगवले जाते हे मान्य केले, की ते कोणी, कोणत्या रंगांनी आणि कशासाठी रंगवले हे विचारता येते.

याचा अर्थ घटनेची सत्यता गौण मानावी असा नाही. त्या दिवशी नंदुरबारात कोण होते आणि कोण नव्हते, हा प्रश्न इतिहासाचा आहे आणि त्याचे उत्तर आबांच्या आठवणीवर सोडता येणार नाही. मात्र संज्ञा ही चौकशीची सुरुवात असावी, निकाल नव्हे. 'मिथ्यास्मृती' लिहिणाऱ्याने पुढे तीन ओळी लिहिणे आम्हांला बंधनकारक वाटते : ही आठवण कोणाकडून आली असावी, कोणती पोकळी तिने भरली, आणि ती खोडणारा पुरावा स्वतः कितपत भरवशाचा आहे.

त्या नातवाला आज उत्तर द्यायचे झाल्यास आम्ही म्हणू : आबा खोटे बोलत नाहीत. त्यांनी जे पाहिले असे त्यांना वाटते, ते बहुधा त्यांच्या वडिलांनी पाहिले किंवा ऐकले असावे. आम्ही समासातील शेरा खोडला आहे. त्या जागी आता हेच लिहिले आहे, आणि शेवटी प्रश्नचिन्ह ठेवले आहे.