ताट, वाढप आणि खुराक

कोल्हापूरच्या आहाराविषयी दोन समजुती इतक्या रुळल्या आहेत की त्या तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. पहिली अशी, की हा दुधातुपाचा, उसाचा आणि पैलवानांचा जिल्हा. कुपोषण असलेच तर ते मेळघाटात किंवा नंदुरबारला. दुसरी समजूत पहिलीच्या खांद्यावर उभी आहे. जिन्नस मुबलक असूनही एखादे मूल अशक्त राहिले तर दोष आईच्या अज्ञानाचा. म्हणून उपाय काय, तर पोषण सप्ताह, पाककृती स्पर्धा आणि भिंतीवरचे तक्ते. पोषणशास्त्रातील संशोधनापुढे या दोन्ही समजुती टिकत नाहीत.

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध मिळते हे खरे. पण कट्टा म्हणजे जिल्ह्यातले घर नव्हे. 1963 साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे ‘गोकुळ’, स्थापन झाला आणि पुढे गावोगावच्या दूध संस्थांमुळे म्हशीच्या दुधाला रोख भाव आला. पहाटे धार काढून किटली संस्थेत जाते, फॅट लागते, बिल निघते. त्या बिलावर पेंड येते, मुलांची फी जाते, हप्ता फिटतो. यात गैर काही नाही. अनेक घरांत बाईच्या हाती खात्रीने येणारा पैसा तो हाच. मात्र दूध किती निघाले हे सांगणाऱ्या आकड्याला ते प्याले कोणी हे ठाऊक नसते. किटलीभर दूध संस्थेला घालणाऱ्या घरात त्याच बिलातून पाच रुपयांचा बिस्किटपुडा मुलाच्या हाती पडताना कोणत्याही गावात दिसतो.

‘हा आदिवासी भागाचा प्रश्न’ हे म्हणणे तर साध्या हिशेबातच कोसळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 35.2 टक्के वयाच्या मानाने ठेंगणी, 25.6 टक्के उंचीच्या मानाने कृश आणि सहा महिन्यांवरची 68.9 टक्के रक्तक्षयी आढळली. राज्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 9 टक्के आहे. दर तिसरे मूल ठेंगणे असेल, तर त्यांतली बहुतेक मुले मेळघाटाबाहेरच्या घरांत वाढत असली पाहिजेत. त्याच फेरीत राज्यातल्या 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आणि 23.4 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा स्थूल ठरल्या. उपासमार आणि अतिसेवन हे दोन वेगळ्या समाजांचे रोग आहेत, ही कल्पनाही इथेच मागे पडते.

त्या दोन आकड्यांचा मेळ कसा बसतो, याचा एक धागा पुण्याच्या केईएम रुग्णालयातून निघाला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोच्या आसपास वजनाची, म्हणजे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती. ती कमी होती स्नायूंत आणि अवयवांत. चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. अशा ‘हडकुळ्या पण चरबीदार’ बाळाला पुढे मधुमेहाचा धोका अधिक. याहून कामाचा निष्कर्ष आईच्या ताटाविषयीचा होता: तिने एकूण किती खाल्ले यापेक्षा पालेभाजी, फळे आणि दूध किती वेळा खाल्ले याचा बाळाच्या वाढीशी अधिक स्पष्ट संबंध दिसला. शेताच्या बांधावर तांदुळजा आणि गोठ्यात म्हैस असलेल्या जिल्ह्याला हा निष्कर्ष जिव्हारी लागायला हवा.

एक तिसरा पक्ष अलीकडे दुकानांतून बोलतो: सगळे खाते, पण प्रथिने कमी पडतात, तेव्हा डबा घ्या. हा वाद पन्नास वर्षांपूर्वी झडून गेलेला आहे आणि त्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आघाडीवर होते. जगात ‘प्रथिनांची दरी’ आहे असे आंतरराष्ट्रीय संस्था सांगत असताना त्यांनी दाखवले की भारतात ज्यांना प्रथिने अपुरी पडतात, त्यांना बहुधा एकूण अन्नच अपुरे पडते. भाकरी-डाळ पोटभर मिळाली तर दरी बरीचशी बुजते. सुखात्म्यांची दुसरी भूमिका मात्र स्वीकारण्यासारखी नाही. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, या त्यांच्या मांडणीच्या आधाराने पुढे ‘लहानखुरे पण निरोगी’ असा सिद्धान्त पुढे आला आणि डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा कडाडून प्रतिवाद केला. ठेंगणेपणाला जुळवून घेणे म्हणायचे, तर पुण्याच्या बाळांच्या मधुमेहाच्या धोक्याला काय म्हणायचे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत प्रथिनांच्या पुडी टाळण्याचा सल्ला दिला आहे, हे येथे नोंदवलेले बरे.

आता अज्ञानाचा आरोप. माहितीला तिची जागा आहे: चीक दूध टाकू नये, सहाव्या महिन्यानंतर वरचे अन्न सुरू करावे, लहानग्याला साखरेचे पेय देऊ नये, हे सांगावेच लागते. परंतु देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी केवळ 11.3 टक्क्यांनाच पुरेसा आहार मिळतो, हे सर्वेक्षणाचे वाक्य वाचून ‘आयांना कळत नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे घड्याळाकडे न पाहता निकाल देणे. पहाटे धार, मग स्वयंपाक, मग भांगलण, संध्याकाळी पुन्हा धार. या दिवसात तेरा-चौदा महिन्यांच्या मुलाला मऊ करून चार वेळा भरवायचे कोणी आणि केव्हा? तिचे स्वतःचे ताट तर सगळ्यांचे उरकल्यावर लागते. तोवर भाजीचा रस्सा उरतो, फोडी संपलेल्या असतात. तिला पालेभाजीचे महत्त्व ठाऊक नसते असे नाही. तिच्या वाट्याला ती उरत नाही.

उपदेशापेक्षा सोय महत्त्वाची, हे कोल्हापूरला वेगळ्याने शिकवण्याची खरे तर गरज नाही, कारण तालमीने ते कधीच ओळखले होते. 1912 साली खासबाग कुस्ती मैदान उभे राहिले त्या काळापासून येथे पैलवानाला आहारावर व्याख्यान देऊन कोणी घडवले नाही. त्याच्या खुराकाची सोय केली. दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण कोण देणार, किती देणार, मेहनतीनंतर कोणत्या वेळी देणार हे ठरलेले, आणि वर वस्तादाची नजर. त्या खुराकातील जिन्नस बैठ्या माणसाने उचलले तर पोट सुटेल. घेण्यासारखी आहे ती पद्धत. घर, अंगणवाडी, शाळा, वसतिगृह आणि वृद्धाश्रम यांतील आहार सुधारायचा, तर खाणाऱ्याला उपदेश करण्याआधी वाढणाऱ्याची व्यवस्था लावावी लागते.

घरापासून पाहू. लहान मुले अमुक भाजी खात नाहीत, ही तक्रार सार्वत्रिक आहे आणि तीवरचे घरगुती उपाय दोन: दटावणे, नाहीतर भाजी संपवल्यास खाऊचे आमिष. अमेरिकेत लीअन बर्च यांनी 1980 च्या दशकापासून केलेल्या प्रयोगांनी दोन्ही उलटे पडतात असे दाखवले. आमिष म्हणून दिलेला पदार्थ अधिक प्रिय होतो, दटावून भरवलेला अधिक नावडतो. नवा पदार्थ मात्र दडपण न आणता आठ-दहा वेळा किंवा त्याहून अधिक वेळा समोर आला की बहुतेक मुले तो स्वीकारतात. ‘मग मुलाला हवे ते खाऊ द्यावे’ असे म्हणणारे शिकागोच्या क्लारा डेव्हिस यांच्या जुन्या प्रयोगाचा दाखला देतात. बाळांनी स्वतः निवडून खाल्ले आणि ती धडधाकट वाढली. पण डेव्हिस यांनी समोर ठेवलेल्या तीस-पस्तीस पदार्थांत साखर किंवा तयार खाऊ नव्हताच. निवड बाळाची होती, ताट मोठ्यांनी लावले होते.

संस्थांमध्ये तर वाढप हाच मुख्य मुद्दा. 1995 साली शालेय पोषण योजना सुरू झाली तेव्हा मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेता येत असे. तो घरच्या डब्यात मिसळून साऱ्या कुटुंबात वाटला जाई. 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न बंधनकारक केले आणि तोच तांदूळ मुलाच्या पोटात जाऊ लागला. जिन्नस तोच, वाढायची जागा बदलली. प्राथमिक शाळेतल्या मुलामागे 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी असे माप ठरलेले आहे. धान्य सोडून बाकी साऱ्यासाठी मे 2025 पासून दिवसाला 6 रुपये 78 पैसे मिळतात. कोल्हापूरच्या बाजारात या पैशात भाजी, डाळ, तेल आणि इंधन बसवून दाखवावे, मग स्वयंपाकीण ताईच्या पातळ आमटीवर टीका करावी.

अंड्याचे प्रकरण याच हिशेबातले. राज्याने नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्याला केळे, असे ठरवले. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबवून लोकवर्गणीचा मार्ग सुचवला. शाकाहारी घरांच्या भावनांचा आक्षेप मुळात लागूच पडत नव्हता, कारण केळ्याचा पर्याय होता. जैन-लिंगायत घरांचा मान राखूनही बाकीच्या मुलांना अंडे देता येते, हे येथील खाणावळींना अनेक पिढ्यांपासून जमते.

कोणी कोणासोबत जेवायचे, हा पंगतीचा प्रश्न या शहराला नवा नाही. राजर्षी शाहूंच्या काळात 1901 पासून उभी राहिलेली बोर्डिंगे जातवार झाली, त्यामागे एका पंक्तीला बसण्याची अडचण हेही एक कारण होते. आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात शाहूंनी चहा घेतला तो चहाची तलफ आली म्हणून नव्हे. वृद्धांच्या बाबतीत पंगतीचे शास्त्रीय प्रमाणही मिळते. नेदरलँड्समधील पाच शुश्रूषागृहांत सहा महिने एका गटाला ट्रेमधल्या जेवणाऐवजी टेबलावर भांडी मांडून घरच्यासारखे एकत्र जेवण दिले. त्या गटाचे वजन आणि जीवनमान टिकले, ट्रेवाल्या गटाचे घसरले. हा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला.

या साऱ्या मांडणीची कसोटी साखर कारखान्याच्या तळावर लागते. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोड कुटुंबे येतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, कोपीत राहतात. मुलाचे नाव बीडच्या अंगणवाडीत, मूल शिरोळच्या फडात. आई उजाडण्याआधी कोयता घेऊन निघते. मागे आठ वर्षांची बहीण धाकट्याला कालच्या भाकरीचा तुकडा भरवते. या आईला नाचणीचे गुण सांगून काही साधणार नाही. तळावरचीच अंगणवाडी, गावच्या नोंदणीची अट न घालता, बैलगाड्या निघण्याच्या वेळेला उघडावी लागेल आणि ताजे अन्न तिथेच वाढावे लागेल. दहा वाजता उघडणाऱ्या अंगणवाडीत पोहोचवायला त्या मुलाजवळ मोठे माणूसच नसते.