फुली हवीच!

आमच्या गावाच्या नावातच नाका आहे. कनेरगाव नाका! मराठवाडा संपून वऱ्हाड सुरू होतं, तिथं आम्ही. त्यामुळं अडवणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण नाक्यावर अडवलेल्या माणसालाही एक मुभा असते. तो गाडी वळवून मुकाट घरी जाऊ शकतो. आमच्या शाखेतल्या नव्या साहेबांनी तीही ठेवली नाही. (बँक कोणती ते विचारू नका, निवृत्तीला अजून पंधरा वर्षं आहेत.)

साहेब हुशार. त्यांनी एक्सेलमध्ये मॅक्रो लिहून खातेदारांची माहिती भरायची एक खिडकी केली. चौदा रकाने. आणि १९९५ साली विंडोज ९५ आल्यापासून खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात इमानानं बसलेली ती फुली, तीच साहेबांनी विंडोजच्या पोटात हात घालून गायब केली. का, तर म्हणे, "कारकून अर्धवट भरून पळतात!"

परवा एक आजीबाई आल्या. तेरा रकाने भरले. चौदावा मोबाईलचा.

"लेकरा, माह्याकडं कुठला आला फोन?"

रकाना रिकामा, म्हणून 'जतन करा' चालेना. फुली नाही, म्हणून बाहेर पडता येईना. बरं, ही खिडकी उघडी असेतो एक्सेलमधल्या दुसऱ्या कुठल्याच तक्त्याला हात लावता येत नाही. मागं रांग खोकू लागली. शेवटी मी दहा वेळा नऊ दाबला आणि सुटलो. संध्याकाळी यादी पाहतो तर काय, निम्म्या तालुक्याचा फोन नंबर एकच! शेजारच्या टेबलानं निराळी युक्ती केली. टास्क मॅनेजरमधून अख्खं एक्सेलच बंद पाडलं. त्यात सकाळपासूनचं, जतन न केलेलं सगळं काम गेलं.

साहेब, मी साधा बी. कॉम. मला एवढंच शिकवलंय, की ताळेबंद जुळावा म्हणून खोटी नोंद करायची नाही. तुमची खिडकी नेमकं तेच करायला लावते. रिकामा रकाना निदान खरं बोलतो. 'माहिती नाही' म्हणतो. भरलेला खोटा रकाना मात्र छाती पुढं काढून उभा राहतो. उद्या त्या आजीच्या पैशाचा निरोप कुणाच्या फोनवर जायचा?

आणि पळणाऱ्याला विचारायचंच असेल, तर मॅक्रोत 'क्वेरीक्लोज' नावाची सोय आहेच की! फुली दाबली की खिडकी मिटण्याआधी तिथं थांबते. दोन ओळी लिहा, "अर्धवट ठेवून जायचं का?" हो म्हटलं, तर नोंदीवर 'अपुरी' असा शेरा मारा आणि जाऊ द्या बिचाऱ्याला.

आमच्या खिळखिळ्या एसटीतसुद्धा 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं लिहिलेलं असतं. त्यातून कुणी उतरलेलं मी आजवर पाहिलं नाही. पण तो आहे, म्हणून तर मी हिंगोलीपर्यंत निवांत झोपतो!