धिप्पाड अंगाला पहिली गाडी कोणती?

शंभर किलोच्या पुढे वजन असलेल्या माणसाने पहिली मोटारसायकल कोणती घ्यावी, याची नांदेड जिल्ह्यातल्या उमरी तालुक्यात दोनच उत्तरे ऐकू येतात. पहिले, “अंगाला शोभंल अशी बुलेट घ्या.” दुसरे, “कशाला खर्च करता, स्प्लेंडर काय बी ओढती.” दोन्ही उत्तरे ठासून दिली जातात आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिल्यात गाडी निवडली जाते ती रस्त्याकडेला उभे राहून बघणाऱ्यासाठी. दुसऱ्यात ओढण्याचा हिशोब होतो, थांबण्याचा होत नाही.

बुलेटवाल्यांचे म्हणणे आधी पुरते ऐकून घेतले पाहिजे. जड माणूस हलक्या गाडीवर बसला की मागचा शॉकअप दबतो, समोरून ट्रक गेला की गाडी हलते, चढावर दम तुटतो. रॉयल एन्फिल्डच्या ३५० सीसी इंजिनाला वीस अश्वशक्ती आणि २७ न्यूटन-मीटर टॉर्क आहे. तो कमी वेगातच मिळतो, त्यामुळे सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. नायगाववरून जाणाऱ्या अकोला–संगारेड्डी महामार्गावर अशी गाडी निश्चित स्थिर चालते. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून ती आवाक्यातही आली. हे सगळे खरे आहे. पण यावरून ती नवशिक्याची गाडी ठरत नाही.

रॉयल एन्फिल्डच्याच क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो, स्प्लेंडरचे ११२. हा ८३ किलोंचा फरक पळत्या गाडीवर फारसा जाणवत नाही. तो अंगावर येतो गाडी माणसाच्या चालीने चालत असताना, वळवताना आणि उभी करताना; आणि नवशिका पडतो तो बहुतेक याच वेळी. आठवडी बाजाराच्या गर्दीत हाफ क्लचवर गाडी काढताना, उतारावर तोंड करून लावलेली गाडी मागे घेताना, शेताच्या पाणंदीत वळताना. पाणंदीची गोष्ट तर वेगळीच. मृगाचा पाऊस पडून गेला की काळ्या मातीचा चिकट चिखल टायरला लपेटून वर चढतो, टायर आणि मडगार्ड यांच्यातल्या फटीत गच्च बसतो आणि चाक फिरायचेच थांबते. मग खाली उतरून काटकीने चिखल उकरायचा, चार पावले गाडी ढकलायची, पुन्हा उकरायचा. १९५ किलोंच्या गाडीबरोबर हे काम एकट्याचे राहत नाही.

“माणूसच जड आहे, त्याला गाडीचं वजन काय!” हा या पक्षाचा हुकमी मुद्दा, आणि तोच सर्वांत कच्चा. कललेली गाडी सावरतो तो जमिनीवर टेकलेला पाय. पाय किती पोचतो आणि मांडीत किती जोर आहे यावर ते ठरते. काट्यावरच्या आकड्यावर नाही. एकशे दहा किलोंच्या माणसाचे गुडघे आधीच स्वतःचा भार वाहत असतात. शिवाय सीटची उंची कागदावर ८०५ मिलिमीटर असली तरी रुंद सीट आणि भरलेल्या मांड्या मिळून पाय बाहेर फाकतात, आणि तेवढी उंची वाढल्यासारखीच होते. सव्वापाच फुटांचा जाडजूड माणूस अशा गाडीवर चवड्यांवरच उभा असतो. गाडी एकदा ठराविक कोनापलीकडे झुकली की तिला धरायला जाणाऱ्याची कंबर धरते.

स्प्लेंडरच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे पुरावा रोजचा आहे. १९९४ पासून ही गाडी मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत दुधाच्या किटल्या, खताची पोती आणि डबल सीट माणसे वाहते आहे. तिची चिवटता कोणी नाकारू नये. पण वाहून नेणे वेगळे आणि सुरक्षितपणे वाहून नेणे वेगळे. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांच्या मालक पुस्तिकेत एकूण भाराची मर्यादा १३० किलोंच्या आसपास दिलेली असते, म्हणजे पासष्ट किलोंची दोन माणसे. १०५ किलोंच्या माणसाने मागे युरियाचे ४५ किलोंचे एक पोते बांधले की ती ओलांडली जाते. बायको किंवा मुलगा मागे बसला तर प्रश्नच नाही. पासष्ट किलोंच्या स्वारासह स्प्लेंडरचा एकूण भार १७७ किलो होतो, १०५ किलोंच्या स्वारासह २१७. म्हणजे त्याच वेगात जवळजवळ सव्वापट ऊर्जा ब्रेकने जिरवायची, आणि साध्या मॉडेलला पुढे १३० मिलिमीटरचा ड्रम ब्रेक. इंजिन ओढते, कारण हळू का होईना ते ओढूच शकते. मात्र आडवी आलेली म्हैस ब्रेकला सवलत देत नाही.

तेव्हा पहिली गाडी या दोहोंच्या मधली असावी: वजन १४०–१५० किलोंच्या आत, पुढे डिस्क ब्रेक, आणि १२५ सीसीच्या वरची, कारण २०१९ पासून त्या वर्गात एबीएस सक्तीचे आहे. होंडाची युनिकॉर्न हे चांगले उदाहरण: सुमारे १४० किलो, सुमारे तेरा अश्वशक्ती, सीट ७९८ मिलिमीटर. १०५ किलोंचा स्वार बसल्यावर तिची शक्ती एकूण भाराच्या दर टनाला त्रेपन्न अश्वशक्ती पडते. स्प्लेंडरवर पासष्ट किलोंचा माणूस बसला तरी ती पंचेचाळीसच. पल्सर १५० याच पंगतीतली, सीट थोडी खाली, ७८५ मिलिमीटर. सहा फुटांच्या माणसाला मात्र या सीटवर गुडघे टाकीला लागतात. त्याने एक्सपल्ससारखी ८२५ मिलिमीटर सीटची उंच गाडी बघावी. रोज नांदेडला जाणे-येणे आहे, उंची भरपूर आहे आणि कोणाच्या तरी गाडीवर हात बसलेला आहे, अशा माणसाने ३५० सीसी घेतली तर हरकत घेण्याचे कारण नाही. पुढे वाकवून बसवणाऱ्या रेसिंग ढंगाच्या गाड्या मात्र भारी पोटाच्या माणसाने सोडून द्याव्यात. सगळा भार मनगटांवर येतो.

शोरूममध्ये आरशात बघण्यापेक्षा टेप लावावी. अनवाणी भिंतीला टेकून, जाड वही मांड्यांमध्ये वर सरकवून जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंत अंतर घ्यावे. पायाची खरी लांबी ती. मग चपलेवर नव्हे, रोजच्या बुटावर गाडीवर बसून दोन्ही पायांचे निदान अर्धे तळवे टेकतात का ते पाहावे. गाडी चालू न करता दहा पावले मागे ढकलावी, डबल स्टँडवर चढवावी. विक्रेत्याने हे करायला घाई केली तर थांबायला सांगावे; पैसे घेणाऱ्याचा नाही, देणाऱ्याचा वेळ मोलाचा आहे. यात लाजण्यासारखे काही नाही. अंगाचे माप सांगून कपडा शिवून घेणारा माणूस गाडीच्या बाबतीतच का गप्प बसतो, कळत नाही.

गाडी घरी आल्यावर तीन कामे लगेच करायची. मागच्या शॉकअपवर खाचांचे कडे असते. कारखान्यातून ते साधारण वजनाच्या माणसासाठी लावून येते, मेकॅनिककडून ते दोन खाचा कडक करून घ्यावे. मागच्या टायरच्या हवेचे दोन आकडे दिलेले असतात, एकट्यासाठी आणि डबल सीटसाठी. भारी माणसाने एकट्याने चालवतानाही दुसराच पाळावा. मागची बाजू दबल्याने हेडलाइट वर उचलला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून स्वार बसलेला असताना तो भिंतीवर पाडून खाली घ्यावा. मागचा टायर, चेन आणि ब्रेक लायनर अशा गाडीवर इतरांपेक्षा लवकर झिजतात. सर्व्हिसिंगची तारीख येण्याची वाट न बघता ते मधूनमधून तपासून घ्यावेत.